उलटा बसवलेला मार्बल कटर आणि गच्चीवरची कार्यशाळा

साताऱ्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात: "बँकेतून निवृत्त झाल्यावर गच्चीवरच्या खोलीत मी लाकूडकामाची छोटी कार्यशाळा थाटली आहे. चार इंची ग्राइंडर, इम्पॅक्ट ड्रिल, जिगसॉ (अरुंद पाते वरखाली होणारी करवत) आणि फरशी कापण्याचा मार्बल कटर एवढी यंत्रे आहेत. मार्बल कटर प्लायवुडच्या टेबलाखाली उलटा बसवून त्याचीच टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पाते वर येणारी करवत, केली आहे. गेल्या महिन्यात त्यावर प्लायची अरुंद पट्टी कापताना ती उसळून माझ्या पोटावर आदळली आणि बरेच दिवस काळानिळा वळ राहिला. तेव्हापासून पत्नीचे म्हणणे आहे की हे सगळे बंद करा. मला बंद करायचे नाही. चांगले हातमोजे आणि गॉगल घेतले तर पुरेसे होईल का? ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावले तर चालेल का? शिवाय नऊ वर्षांचा नातू सुट्टीत येतो, त्याला हे काम शिकवायचे आहे. ते कसे शिकवावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण काम बंद करण्याची गरज नाही, परंतु ते टेबल मात्र मोडावे लागेल, आणि हातमोजे व गॉगल आणण्याच्या आधी मोडावे लागेल. कटर काढून घ्या, टेबलाची खाच बंद करा आणि त्याचा उपयोग मोजमाप, चिकटकाम आणि घासकाम यांसाठी करा. हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की आपल्या पोटावर आदळलेली पट्टी हा योगायोग नव्हता. त्या टेबलाच्या रचनेतच तो प्रसंग दडलेला आहे, आणि आपण कितीही सावध राहिलात तरी तो पुन्हा येईल.

टेबल सॉवर नेमके काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. योग्य रीतीने बसवलेल्या पात्याचे आपल्याकडील दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात, त्यामुळे सुरुवातीला सगळे स्थिर वाटते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर जात असतात. कापलेली फट मागे मिटली, किंवा लाकूड ज्या मार्गदर्शक पट्टीला टेकवून सरकवतात तिच्यापासून ते किंचित तिरके झाले, की ते मागचे दात लाकडाला पकडतात, वर उचलतात आणि पात्याच्या वेगाने थेट चालवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. कारागीर याला किकबॅक म्हणतात. आपल्या मार्बल कटरचे ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो. आपल्याला दिसेल आणि हात मागे घेता येईल एवढा अवधी त्यात नसतो. पट्टी उसळते तेव्हा तिला ढकलणारा हात आधार गमावून पुढे जातो, आणि पुढे पाते असते. बोटे जातात ती बहुधा याच क्षणी. आपल्याला पोटावर मार बसला आणि बोटे वाचली, यात आपल्या सावधपणाचा वाटा किती होता हे आपण स्वतःला शांतपणे विचारावे.

कारखान्यात तयार झालेल्या चांगल्या टेबल सॉमध्ये या धोक्यावर उपाय केलेला असतो. पात्याच्या लगेच मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांवर चढू देत नाही. वरून झाकण असते. मार्गदर्शक पट्टी पात्याला समांतर राहील अशी पक्की बसते. बंद करण्याचे मोठे बटण समोर, मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा जागी असते. उलट्या कटरच्या टेबलावर यांपैकी सहसा काहीच नसते. तेथे मार्गदर्शक म्हणून क्लॅम्पने आवळलेली लाकडी पट्टी असते आणि ती मागच्या टोकाला दोन मिलिमीटर जरी पात्याकडे झुकली तरी लाकूड चिमटीत सापडते. कटरची कळ टेबलाखाली असते, म्हणून ती दोरीने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवलेली असते; आणीबाणीत ती बंद करण्यासाठी माणूस फिरत्या पात्याजवळ वाकतो.

त्या दाबून ठेवलेल्या कळीविषयी आणखी थोडे लिहितो, कारण आपल्याकडे वीज न सांगता जाते आणि न सांगता येते. काम चालू असताना वीज गेली की पाते थांबते. आपण खाली जातो, चहा घेतो, किंवा अडकलेला तुकडा काढण्यासाठी हात घालतो. तेवढ्यात वीज येते आणि दाबून ठेवलेल्या कळीमुळे यंत्र आपोआप सुरू होते. ग्राइंडरला कळ अडकवून ठेवण्याची सोय असते, तेथेही हेच होते. चांगल्या टेबल सॉला असा स्विच असतो की वीज परत आली तरी बटण दाबल्याखेरीज यंत्र फिरत नाही. हातातील यंत्रांना ती सोय बहुधा नसते. म्हणून वीज गेली की पहिली हालचाल एकच असावी: प्लग सॉकेटमधून बाहेर. पाते बदलताना, तुकडा काढताना, सफाई करतानाही हाच नियम पाळावा. बॅटरीवर चालणारे यंत्र असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवावी.

आता प्रश्न उरतो तो प्लाय कापायची कशी. आठ बाय चार फुटांचा ताव घरात एकट्याने हाताळणे हेच मुळात अवघड काम आहे. आपण तो ज्या दुकानातून घेता, तेथे किंवा जवळच्या फर्निचर कारखान्यात मापाप्रमाणे कापून देण्याची सोय आहे का, ते आधी विचारावे. कटाईचे थोडे पैसे द्यावे लागतात, पण कापही सरळ मिळतो आणि ताव गच्चीवर चढवण्याचे कष्ट वाचतात. घरीच कापायचे असेल तर लाकडासाठीच बनवलेली, हातात धरून चालवायची गोल करवत, म्हणजे सर्क्युलर सॉ, घ्यावी. तिचे खालचे झाकण स्प्रिंगवर असते आणि काप संपताच आपोआप पात्यावर येते. घेताना दुकानातच ते झाकण दोनचार वेळा उघडून पाहावे; ते झटकन मिटले पाहिजे. काही कारागीर हे झाकण खिळ्याने उघडे अडकवून ठेवतात, त्यांचे अनुकरण करू नये.

ताव जमिनीवर थर्मोकोलच्या जाड शीटवर पसरावा, पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा केवळ चारपाच मिलिमीटर अधिक ठेवावी आणि एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पने घट्ट बांधून तिच्या कडेने करवत न्यावी. थर्मोकोलमुळे तावाला दोन्ही बाजूंनी सारखा आधार मिळतो आणि काप मध्येच मिटत नाही. दोन स्टुलांवर ताव ठेवून मधोमध कापला तर तो मध्ये वाकतो, फट वरून मिटते आणि करवत चालवणाऱ्याच्या अंगावर मागे येते. म्हणून आपण स्वतः पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला राहावे, दोन्ही हात मुठींवर ठेवावेत आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत करवत उचलू नये. अरुंद पट्ट्या मात्र या करवतीनेही कापू नयेत. त्या जिगसॉने किंवा हातकरवतीने कापून रंध्याने साफ कराव्यात. वेळ अधिक लागेल, परंतु निवृत्तीनंतरच्या छंदात वेळ वाचवण्याची घाई असण्याचे कारण नाही.

पुढे कधी खरी टेबल सॉ घेतलीत, तर रायव्हिंग नाइफ नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, आणि लाकूड ढकलण्यासाठी खाचेची काठी पहिल्या दिवसापासून वापरा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचा दंडक असा आहे की कापाच्या शेवटच्या ३०० मिलिमीटरमध्ये, आणि मुळातच त्याहून आखूड कापात, हाताऐवजी काठी वापरावी. घरगुती कामाला तो तंतोतंत लागू पडतो. काठी टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगलेली असावी, कारण शोधावी लागणारी काठी कोणी वापरत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात "नाही" असे आहे. ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते किंवा साखळी असलेली डिस्क कधीही लावू नये. ती बाजारात सहज मिळते, चित्रफितींमधून तिचा वापर बिनधास्त दाखवला जातो, परंतु नामांकित कंपन्यांच्या ग्राइंडरसोबतच्या माहितीपुस्तिका उघडून पाहिल्या तर अशी पाती लावू नयेत, कारण त्यांनी यंत्र वारंवार उसळते आणि ताबा सुटतो, असा इशारा छापलेला आढळतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. घासणारी डिस्क लोखंडावर घसरली तर ती घसरून पुढे जाते. दात असलेले पाते गाठीत किंवा रेषांच्या उलट दिशेत सापडले तर ते लाकडाला चावते आणि संपूर्ण यंत्र हातातून हिसकावून घेते. ग्राइंडरला करवतीसारखे आपोआप मिटणारे झाकणही नसते. अशी उसळी मांडी, मनगट किंवा चेहरा यांपैकी कोठेही येऊ शकते.

लोखंड कापण्यासाठी ग्राइंडर उत्तम आहे, तो त्याच कामाला ठेवावा. डिस्कवर छापलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष कोरलेले असते, ते पाहूनच डिस्क घ्यावी. राळेने बांधलेली ही डिस्क कालांतराने आणि दमटपणाने कमकुवत होते आणि पावसाळाभर खोलीत पडून राहिलेली, कड तुटलेली किंवा खाली पडलेली डिस्क फिरताना फुटू शकते. कापण्याच्या पातळ डिस्कने घासकाम करू नये, कारण बाजूने दाब सोसण्याची तिची क्षमता नसते. गार्ड, म्हणजे डिस्कवरचे झाकण, काढून मोठी डिस्क बसवण्याची पद्धत तर अनेक वर्कशॉपमध्ये दिसते. डिस्क फुटली तर तिचे तुकडे आणि आपला चेहरा यांच्यामध्ये केवळ तो गार्ड असतो, हे ध्यानात ठेवावे.

हातमोज्यांविषयी अनेकांचा समज आपल्यासारखाच असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फिरत्या बिटाच्या किंवा पात्याच्या जवळ ज्या यंत्रात बोटे येतात, म्हणजे स्टँडवरील ड्रिल, टेबल सॉ, लाकडात खाचा व नक्षी कोरणारा राऊटर, तेथे हातमोजे घालूच नयेत. उघड्या बोटाला बिट लागला तर जखम होते. हातमोज्याचा एक धागा त्यात अडकला तर मोज्यासह सगळा पंजा ओढला जातो. ग्राइंडर चालवताना दोन्ही हात मुठींवर असतात, म्हणून तेथे मनगटापाशी घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात. प्लायचे ताव, पत्रे किंवा काचा उचलताना, सगळी यंत्रे बंद असताना, हातमोजे जरूर घालावेत. हाच तर्क कपड्यांना लावावा. लुंगी, सैल बाह्यांचा सदरा, खांद्यावरचा पंचा, गळ्यातली साखळी, बाहेर लोंबणारे जानवे, मनगटावरचा दोरा, अंगठी आणि घड्याळ हे सारे काम सुरू करण्यापूर्वी खाली ठेवून यावे. पायात स्लिपर न घालता पुढून बंद असलेले बूट असावेत.

गॉगल मात्र प्रत्येक कामाला हवा, आणि वाचण्याचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याच्या कडा उघड्या असतात. चष्म्यावरून घालता येईल असा, बाजूंनी बंद, पॉलिकार्बोनेट काचेचा आणि शक्यतो आयएस ५९८३ हे भारतीय मानक नमूद असलेला गॉगल घ्यावा. ग्राइंडर चालवताना त्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घालावी. गॉगल दाराबाहेर खिळ्याला टांगून ठेवला तर खोलीत शिरतानाच तो डोळ्यांवर येतो, असा माझा अनुभव आहे.

कान आणि फुप्फुसे यांचे नुकसान रक्त न सांडता होते, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसवतो असे धरले, तर प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात, आणि बंद खोलीतील गोल करवत तेवढा आवाज सहज करते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे किंवा कानावर बसणारे मफ यांपैकी जे आपल्याला सोयीचे वाटेल ते वापरा. लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. यंत्राने घासकाम करताना आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला ताव) कापताना रुमालाऐवजी एन-९५ मास्क, चेहऱ्याला चिकटून बसेल असा, वापरावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि भुसा कोरड्या झाडूने उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने गोळा करावा. तो रोजच्या रोज खोलीबाहेर गेला पाहिजे, कारण लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या भुशात तासभर धुमसत राहू शकतात. थिनर, स्पिरिट आणि रबर सोल्युशनचे डबे जेथे ठेवले आहेत, तेथे ग्राइंडर चालवूच नये. तो उघड्या गच्चीवर न्यावा. लाकडाला जवसाचे तेल लावत असाल तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.

गच्चीवरच्या खोलीत वीज कशी नेली आहे, हे आपण लिहिलेले नाही. खिडकीतून लोंबणाऱ्या वायरवर आणि एका बोर्डावर सगळे चालत असेल, तर परवानाधारक वायरमनला बोलावून त्या खोलीसाठी स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. वीज अंगातून जमिनीकडे वाहू लागली की आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरील टेस्टचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे. तिची मर्यादाही ठाऊक असावी: एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागला तर ती वाचवू शकत नाही. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे यंत्र असून त्याला दोन पिनांचा प्लग चालतो. ते चिन्ह नसेल आणि प्लग तीन पिनांचा असेल, तर अर्थिंगची पिन वाकवून किंवा काढून तो दोन भोकांत घुसवणे म्हणजे संरक्षण हाताने काढून टाकणे होय. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली असताना यंत्र चालवू नये, ती तापते. पावसात गच्चीचे पाणी उंबऱ्याशी येत असेल तर त्या दिवशी रंधा आणि पटाशी यांवरच काम करावे.

नातवाविषयी आपण विचारलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण हाताने काही घडवण्याची गोडी याच वयात लागते. परंतु यंत्र चालू असताना नऊ वर्षांचे मूल त्या खोलीत नसावे. तो काही मोडेल ही भीती त्यामागे नाही, "आजोबा, हे काय?" असा प्रश्न आला की आपली नजर पात्यावरून उठेल आणि लाकूड उसळले तर ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाईल, हे त्याचे कारण आहे. त्याला त्याच्या हाताला बसेल अशी छोटी करवत, काटकोन पाहायचा गुण्या, पेन्सिल, हातोडी आणि सॅंडपेपर द्या, त्याच्या मापाचा गॉगल द्या, आणि काम शिकंज्यात पक्के आवळल्याखेरीज करवत लावायची नाही ही एकच शिस्त लावा. लाकडाच्या रेषा ओळखणे, काटकोन तपासणे, रेषेच्या बाहेरून कापून मग रेषेपर्यंत घासणे, यात त्याची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आनंदात जाईल. एक पक्ष्याचे घर किंवा पुस्तकांची छोटी मांडणी पूर्ण झाली की पुढच्या सुट्टीत हाताने फिरवायचे ड्रिल त्याच्या हाती देता येईल. तो घरी असेल तेव्हा खोलीचा एमसीबी खाली पाडून दाराला कुलूप लावावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

आपल्या वयाच्या दृष्टीने दोन गोष्टी विचारतो. रक्त पातळ करणारी गोळी आपण घेता का? घेत असाल तर साध्या दिसणाऱ्या जखमेतले रक्तही लवकर थांबत नाही, म्हणून डॉक्टरांना आपल्या छंदाची कल्पना देऊन ठेवावी. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यावर, जेवणानंतरच्या सुस्तीत, आणि मधुमेह असेल तर पोट रिकामे असताना, यंत्राला हात लावू नये. घरात कोणी नसताना गच्चीवर यंत्र चालवू नये. वहिनी घरी असतील तेव्हाच काम करावे, आणि यंत्र सुरू करताना व बंद करताना त्यांना तसे सांगावे. त्यांचा विरोध बहुधा यामुळेच आहे की वर काय चालले आहे ते त्यांना कळत नाही. टेबल मोडलेले त्यांना दाखवा, आरसीसीबीचे बटण त्यांच्यासमोर दाबून दाखवा, मुख्य स्विच कोठे आहे ते त्यांना ठाऊक असू द्या.

त्यांच्याबरोबर पुढील माहितीही वाचावी, कारण प्रसंगी ती त्यांनाच उपयोगी पडेल. जखम वाहू लागली तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि दाब सोडून वारंवार पाहू नये. हळद, कॉफी किंवा चुना भरू नये. डॉक्टरांना आधी तेच साफ करत बसावे लागते. बोट तुटलेच तर तो तुकडा सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि तो जोडता येत नाही. डोळ्यात कण रुतला असेल तर चोळू नये, चिमट्याने काढू नये, डोळ्यावर दाब न येईल अशी कागदी वाटी झाकण म्हणून लावून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. तुटलेले बोट जोडणारे शल्यचिकित्सक आपल्या शहरात कोणत्या रुग्णालयात आहेत याची चौकशी आजच करून, तेथील दूरध्वनी क्रमांक खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.